गढूळ पाझर

मातीच्या धरणातून पाणी पाझरतेच. काळ्या मातीचा गाभा कितीही कुटून बसवला, पायाखालचा चर कितीही खोल खणून भरला, तरी साठलेल्या पाण्याचा थोडा अंश भिंतीतून आणि तिच्या पायातून वाट काढत खाली येतो. बांधणाऱ्यांनी ते धरूनच चाललेले असते. म्हणून गाभ्याच्या मागे वाळूची गाळणी घालतात, पायथ्याशी दगडांचा थर रचतात आणि त्याला लागून गटार काढतात. पाण्याने खुशाल यावे, पण येताना मातीचा कणही सोबत आणू नये, एवढीच अट. गावाला किंवा तालुक्याच्या गावाला पाणी पुरवणाऱ्या छोट्या धरणाची देखरेख बऱ्याच अंशी या अटीची राखण आहे. पायथ्याच्या गटारातले पाणी नितळ आहे तोवर भिंत आपले काम करते आहे. ते गढूळ झाले की भिंतीच्या पोटातली माती बाहेर पडू लागली असे समजायचे, आणि तिथून पुढचा हिशेब दिवसांचा नसतो, तासांचा असतो.

असे का होते, ते नीट समजून घेतले पाहिजे. मातीच्या कणांमधून पाणी अतिशय सावकाश सरकते, कारण त्याला लांबचा आणि अडथळ्यांचा रस्ता कापावा लागतो. कोरड्या बाजूला जिथे ते बाहेर येते, तिथे एखादी जागा भुसभुशीत असेल, एखाद्या प्राण्याचे बीळ असेल किंवा कुजलेल्या मुळाची पोकळी असेल, तर तिथले काही कण सुटतात. सुटलेल्या कणांमुळे पोकळी थोडी आत सरकते. पोकळी आत सरकली की पाण्याचा रस्ता तेवढा आखूड होतो; रस्ता आखूड झाला की वेग वाढतो; वेग वाढला की आणखी माती सुटते. अशी नळी मागे मागे, साठ्याच्या दिशेने कोरली जाते. वरून बघणाऱ्याला भिंत धडधाकट दिसते, गवत हिरवे दिसते, माथ्यावरून मोटारसायकली जात असतात. ज्या दिवशी नळीचे आतले तोंड साठ्याला भिडते, त्या दिवशी सगळे पाणी एकदम त्या वाटेने सुटते.

लॉस एंजेलिस शहरातल्या बाल्डविन हिल्स जलाशयाची गोष्ट मला या विषयात सर्वांत शिकवणारी वाटते. टेकडीवरचा हा शहराच्या पाणीपुरवठ्याचा जलाशय, साठा सुमारे १० लाख घनमीटर, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या लघु पाटबंधारे तलावाएवढा. १४ डिसेंबर १९६३ रोजी सकाळी सव्वाअकराच्या सुमारास तिथला राखणदार नेहमीच्या फेरीवर होता. जादा पाणी वाहून नेणाऱ्या नळातून येणारा पाण्याचा आवाज त्याला रोजच्यासारखा वाटला नाही. त्याने तळाखालच्या निचऱ्याच्या नळ्या जाऊन पाहिल्या, तर त्या जोराने वाहत होत्या आणि पाणी गढूळ होते. त्याने लगेच वर कळवले, जलाशय रिकामा करायला सुरुवात झाली, दुपारी पोलिसांनी खालची वस्ती हलवली. तीन वाजून अडतीस मिनिटांनी बांध फुटला. शेकडो घरांची नासधूस झाली, पाच माणसे गेली. शनिवारची दुपार, भरवस्तीचा उतार आणि दहा लाख घनमीटर पाणी हे गणित पाहता बळींचा आकडा किती मोठा झाला असता, याचा अंदाज कोणीही करू शकतो. जमिनीखालचे कारण वेगळे होते, तिथे जमीनच खचून सरकत होती. पण माणसे वाचली ती रोजचा आवाज कानात असलेल्या एका माणसामुळे.

आता आपल्याकडे येऊ. २ जुलै २०१९च्या रात्री, मुसळधार पावसात, चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. पायथ्याची भेंदवाडी वाहून गेली. वीसच्या आसपास माणसे गेली. धरणातून गळती होत असल्याच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. म्हणजे बघणारे डोळे तिथेही होते, बघितलेले सांगणारी तोंडेही होती.

त्या दुर्घटनेनंतर धरण खेकड्यांनी पोखरल्याचे एक विधान झाले आणि राज्यभर त्याची थट्टा झाली. लोकांचा संताप रास्त होता, पण त्या थट्टेत कामाची एक माहिती वाहून गेली. खेकडे, उंदीर, घुशी, साळिंदर आणि वाळवी हे मातीच्या बांधाला लागलेले खरे आजार आहेत. बीळ म्हणजे पाण्याला तयार मिळालेली वाट; वाळवीच्या वारुळाखालची पोकळी तर वरून दिसतही नाही. देखभालीच्या प्रत्येक सूचनेत बिळे शोधून, खणून, माती थराथराने कुटून भरण्याचे काम लिहिलेले असते. बीळ एका रात्रीत पडून त्याच रात्री धरण नेत नाही. ते आधी कितीतरी दिवस भिंतीवर उघड्या तोंडाने दिसत असते. त्यामुळे खेकड्याचे नाव घेतले की पुढचा प्रश्न आपोआप येतो, की या भिंतीवरून शेवटचे कोण चालले होते, आणि त्याने काय लिहून ठेवले.

लिहून ठेवणे हा देखभालीचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. पायथ्याच्या गटारात लोखंडी पत्र्याची एक आडवी फळी बसवतात, तिला वरच्या बाजूला काटकोनी खाच असते. खाचेतून किती उंचीने पाणी पडते ते पट्टीवर वाचायचे. पाणी ५ सेंटीमीटर उंचीने पडत असेल तर सेकंदाला पाऊण लिटर पाझर आहे. उंची १० सेंटीमीटर झाली तर पाझर दुप्पट झाला असे वाटेल, पण तो सव्वाचार लिटरच्या वर गेलेला असतो, म्हणजे साडेपाचपटीहून जास्त. नुसत्या नजरेला हा फरक कळत नाही, पट्टीला कळतो. जिथे अशी खाच नाही तिथे बादली आणि घड्याळ पुरते. बादली भरायला किती सेकंद लागले, एवढे लिहायचे. सोबत तलावाची पातळी आणि कालचा पाऊस लिहायचा, कारण एकटा आकडा मुका असतो. पातळी वाढली की पाझर वाढणार, पाऊस पडला की गटारात वरचे पाणी येणार, हे साहजिक आहे. पातळी तीच, पाऊस नाही, तरी पाझर वाढला, तर मात्र चप्पल घालून वरिष्ठांकडे निघायचे. पाझर अचानक घटला तरी खूश व्हायचे कारण नाही. गाळणी तुंबली असेल तर पाणी भिंतीतच अडून राहते, आतला दाब वाढतो आणि ते भलत्याच ठिकाणी तोंड काढते.

दर आठवड्याला काचेच्या एका बाटलीत गटारातले पाणी भरून, तारीख टाकून खिडकीत ठेवावे. दुसऱ्या दिवशी तळाशी गाळ बसलेला दिसला तर तो कुठून आला हे शोधावे. या उपायाला एक रुपयाही लागत नाही, आणि चौकीदार बदलला तरी नव्या माणसाला बाटल्यांची रांग पाहून धरणाची प्रकृती कळते.

मोठी तपासणी वर्षातून दोनदा करतात, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर. या दोन तपासण्या एकाच कामाच्या दोन आवृत्त्या नाहीत. एप्रिल-मेमध्ये तलाव तळाला गेलेला असतो, म्हणून पाण्याकडचा उतार उघडा पडतो. लाटांनी हललेले पिचिंगचे दगड, त्यांच्या मागची वाहून गेलेली माती, विमोचकाच्या, म्हणजे पाणी सोडायच्या नळाच्या, तोंडाशी साचलेला गाळ हे सगळे तेव्हाच दिसते. ऑक्टोबरमध्ये तलाव काठोकाठ असतो, भिंतीवर वर्षातला सर्वांत जास्त भार असतो, म्हणून कोरड्या बाजूची ओल, पायथ्याची दलदल, नवे झरे तेव्हा शोधायचे. यांखेरीज मोठा पूर किंवा भूकंपाचा धक्का बसला की लगेच वेगळी फेरी. भर उन्हाळ्यातली एक खूण मात्र खास आपल्या मुलखातली आहे. चैत्र-वैशाखात सगळे माळ पिवळे पडलेले असताना बांधाच्या कोरड्या उतारावर हिरव्या गवताचा एखादा ठिपका दिसला, तर तिथे खाली पाणी आहे. गुराख्याला तो ठिपका सगळ्यात आधी माहीत असतो. त्याला विचारावे.

गवत असावे, झाड नसावे. हरळीसारखे आखूड गवत माती धरून ठेवते आणि त्यातून बिळे, भेगा दिसतात. घाणेरी आणि बेशरम माजली की तपासणीला गेलेला माणूस माथ्यावरून चालतो आणि उतार न पाहताच परततो. बाभूळ, पिंपळ, उंबर यांची मुळे गाभ्यापर्यंत जातात. झाड मेले की मूळ कुजून नळीच उरते, वादळात उन्मळले तर माती घेऊनच पडते. झाड छातीएवढे होईपर्यंत थांबण्यापेक्षा बोटाएवढे असताना उपटणे बरे. आधीच मोठे झालेले झाड घाईने उपटू नये. तलाव खाली असताना, मुळांसकट खणून, खड्डा थराथराने कुटून भरायचा असतो.

काळ्या मातीला उन्हात भेगा पडणारच. बांधाच्या लांबीला समांतर जाणारी वरवरची भेग बहुधा सुकण्याची असते, पण रुंदावत, खचत जाणारी असेल तर उतार घसरण्याची तयारी असू शकते. बांधाला आडवी, म्हणजे पाण्याकडून कोरड्या बाजूकडे जाणारी भेग अधिक धोक्याची, कारण ती पाण्यासाठी सरळ रस्ता असते. भेगेत पातळ कालवलेला चुना ओततात, मग खणतात. पांढरा माग जिथे संपतो तिथवर भेग गेली आहे हे कळते. वरवर माती लोटून भेग झाकली तर पुढच्या वर्षीच्या तपासनिसाची फसवणूक होते.

हे सगळे पाझराचे झाले. मातीच्या धरणाचा दुसरा मृत्यू माथ्यावरून येतो. काँक्रीटच्या किंवा दगडी भिंतीवरून पाणी गेले तर ती बरेचदा टिकते, मातीची भिंत टिकत नाही. कोरड्या उतारावरून धावणारे पाणी पायथ्यापासून माती कापत वर येते आणि काही तासांत खिंडार पाडते. म्हणून प्रत्येक धरणाला सांडवा असतो. छोट्या धरणांचा सांडवा बहुधा बिनदरवाजाचा. पाणी ठरावीक पातळीला आले की आपोआप वाहू लागते, कोणी चाक फिरवायची गरज नाही. बांधणाऱ्यांनी हे मुद्दाम केलेले असते, कारण मध्यरात्री पुराच्या वेळी तिथे माणूस असेलच याची खात्री नसते.

आणि नेमक्या याच आपोआप चालणाऱ्या भागात माणसे हात घालतात. पाणी कमी पडते म्हणून पावसाळ्याच्या शेवटी सांडव्यावर वाळूच्या गोण्या रचतात, कुठे मासे जाऊ नयेत म्हणून जाळी बांधतात, कुठे सांडव्याच्या खालच्या वाटेत शेत नांगरतात. हेतू वाईट नसतो. टँकरची वाट पाहणाऱ्या गावाला एक फूट जास्त पाण्याचा मोह होणारच. पण हिशेब पाहा. समजा सांडव्यावरून जास्तीत जास्त एक मीटर उंचीने पूर जाईल असे धरून माथा ठेवला आहे. गोण्यांनी सांडवा ३० सेंटीमीटर उचलला तर पुराला ७० सेंटीमीटर उरतात, आणि वाहून नेण्याची क्षमता तीस नव्हे, चाळीस टक्क्यांहून जास्त घटते, कारण सांडव्यावरचा प्रवाह उंचीच्या दीड घाताने बदलतो. जाळीत अडकलेला पालापाचोळा हेच काम कोणाच्या लक्षात न येता करतो. तलावाची क्षमता वाढवायची असेल तर गाळ काढावा. तो रस्ता कष्टाचा आहे, पण भिंतीच्या जिवावर उठणारा नाही. गाळ काढतानाही बांधाच्या पायथ्याजवळची जमीन खरवडायची नाही, कारण तिथला मातीचा थर खालून होणारी गळती रोखून धरत असतो.

तिसरी नाजूक जागा विमोचक. मातीच्या भिंतीच्या पोटातून जाणारा नळ किंवा बोगदा म्हणजे दोन वेगळ्या स्वभावाच्या वस्तूंचा सांधा असतो. माती बसते, काँक्रीट बसत नाही. सांध्याशी फट राहिली की पाणी तिच्यातून वाट काढते. पुण्याजवळच्या पानशेत धरणाची आठवण इथे टाळता येत नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा विमोचकाचे काम पुरे झालेले नव्हते आणि तलाव मात्र भरत होता. विमोचकाच्या बोगद्यावरचा भराव खचू लागला, लष्कराच्या जवानांनी गोण्या रचून माथा पाण्यापेक्षा वर ठेवायची शर्थ केली, तरी सकाळी भिंत गेली. पाठोपाठ खालचे खडकवासला धरण गेले, पुणे बुडाले आणि पूर ओसरल्यावर त्याच पुण्याला प्यायला पाणी उरले नाही. पानशेत धरण मोठे होते. पण विमोचकाच्या सांध्याकडे पाहायची शिस्त पंधरा मीटरच्या धरणालाही तीच लागते.

पाणीपुरवठ्याच्या धरणात विमोचकाची एक खास हेळसांड होते. शेतीच्या धरणात पाळ्या सुटतात, दरवाजे हलतात. पिण्याच्या पाण्याच्या तलावात पाणी जॅकवेल नावाच्या विहिरीतून पंपाने उचलले जाते आणि तळाचा दरवाजा वर्षानुवर्षे बंदच राहतो. दांडा गंजतो, खोबणीत गाळ घट्ट बसतो. संकटाच्या वेळी तलाव उतरवायचा एकमेव मार्ग तोच असतो आणि तेव्हा तो हलत नाही. वर्षातून दोनदा, तलावात पाणी असताना, तो पूर्ण उघडून बंद करून पाहावा, वंगण घालावे, चाकाच्या किती फेऱ्यांत उघडला ते नोंदवावे. थोडे पाणी वाया जाईल. जाऊ द्यावे.

जॅकवेललाही वेगवेगळ्या उंचीवर तोंडे असतात आणि कोणते उघडायचे हा निर्णय महत्त्वाचा असतो. उन्हाळ्यात वरच्या थरात शेवाळ माजते, तळाच्या थरातला प्राणवायू संपून पाण्यात लोह आणि मँगनीज विरघळते, वास येतो, नळाला तांबूस पाणी येते. मधल्या तोंडाने घेतलेले पाणी शुद्धीकरण केंद्राचे काम हलके करते. पहिल्या पावसाचा लोंढा आला की वरचे तोंड बरे.

मुंबईचा विहार तलाव १८६० साली पुरा झाला. त्याचे बांध मातीचे आहेत आणि आजही मुंबई त्याचे पाणी पिते. माती नाशवंत म्हणून धरण नाशवंत, असे नसते. तिच्यावरून माणसे चालत राहिली तर ती दीडशे वर्षांहून जास्त टिकते. पण चालत राहायचे कोणी, हा प्रश्न छोट्या धरणाच्या वाट्याला विचित्र रीतीने येतो. ब्रिटनने त्याचे उत्तर आपत्तींनंतर कायद्यात शोधले. तिथे शेफील्ड शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधलेले डेल डाइक धरण ११ मार्च १८६४च्या रात्री फुटले आणि सुमारे २४० माणसे गेली. संध्याकाळी घरी निघालेल्या एका कामगाराने कोरड्या उतारावर भेग पाहिली होती. शहरातून अभियंता यायला रात्र झाली. १९२५ साली वेल्समधल्या डॉल्गारोग गावावर धरणफुटीची आणखी एक आपत्ती आली, आणि १९३० साली जलाशयांच्या सुरक्षिततेचा कायदा झाला. पुढे १९७५च्या कायद्याने २५,००० घनमीटरपेक्षा जास्त पाणी जमिनीच्या पातळीच्या वर साठवणाऱ्या प्रत्येक जलाशयाला एक नेमलेला देखरेख अभियंता दिला आणि दर दहा वर्षांच्या आत स्वतंत्र तज्ज्ञाची तपासणी सक्तीची केली. पंचवीस हजार घनमीटर म्हणजे आपल्याकडचा गावतलाव.

आपला धरण सुरक्षितता कायदा २०२१चा. तो १५ मीटरहून उंच धरणांना लागू आहे, आणि १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांना, जर त्यांची लांबी ५०० मीटर, साठा १० लाख घनमीटर किंवा अशा काही मर्यादा ओलांडत असेल तर. देशातल्या मोठ्या धरणांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त एकट्या महाराष्ट्रात आहेत. त्यांच्यासाठी नाशिकची धरण सुरक्षितता संघटना आहे, तपासणीचे नमुने आहेत. दहा मीटरच्या आतली धरणे मात्र या कायद्याच्या बाहेर राहतात, मग खाली वाडी असो वा शाळा. ती कधी जिल्हा परिषदेची असतात, कधी नगरपरिषदेची, कधी एका खात्याने बांधून दुसऱ्याच्या हवाली केलेली, आणि हस्तांतराचा कागद अर्धवट राहिलेली. मला ही कायद्यातली उणीव वाटते. उंचीच्या मोजमापाऐवजी खाली किती घरे आहेत यावरून धरणाची वर्गवारी ठरली पाहिजे.

तोवर गावाला स्वतः जे करता येते ते थोडे नाही. गढूळ पाणी उसळून येताना दिसले तर त्या तोंडावर चिकणमाती थापून ते बुजवू नये. पाणी दुसरीकडून फुटेल. त्याभोवती गोण्यांचे कडे करावे, आत आधी जाड वाळू, मग खडी, मग दगड असे थर टाकावेत, म्हणजे पाणी येत राहील आणि माती आत अडेल. त्याच वेळी तलाव उतरवायला सुरुवात करावी. एरवी मातीचे धरण एकदम उतरवत नाहीत, कारण भिजलेला आतला उतार पाण्याचा आधार गेल्यावर घसरू शकतो. पण गढूळ पाझराच्या वेळी तो धोका पत्करावा लागतो. आणि हे चालू असतानाच, त्याच्या निकालाची वाट न पाहता, खालची वस्ती उठवावी. त्यासाठी कोणाच्या सहीची गरज नाही हे ग्रामसभेत पावसाळ्याआधी ठरवून ठेवावे. वाडीतल्या प्रत्येक घराजवळून वर जाणारी वाट कोणती, पावसात वीज गेली आणि मोबाइल बंद पडला तर निरोप कोण नेणार, म्हाताऱ्या माणसांना कोण उचलणार, गोठ्याची दावी कोण सोडणार, हे नावानिशी लिहून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावे. ती यादी दर मे महिन्यात नव्याने लिहावी लागते, कारण माणसे मुंबई-पुण्याला जातात, फोन नंबर बदलतात आणि वाडीत नवी घरे उभी राहतात.